फौजदाराची लघवी अडकली तेव्हा

हे मी शहाण्यांसाठी लिहीत नाही. शहाण्यांना सगळं आधीच माहीत असतं, आणि आमच्या जोहे गावात घरटी दोन तरी शहाणे आहेत. आमच्या घरातला एक म्हणजे माझे दीर, दुसरी मी. ज्यांच्या घरी बोका आहे, तो सारखा कोपऱ्यात जाऊन बसतोय आणि घरचे छातीठोकपणे सांगतायत की "पोट साफ नाय त्याचं", त्यांनी वाचावं. "एका मांजरावर एवढं काय लिहायचं?" असं वाटणाऱ्यांनी इथेच थांबावं. त्यांचं मी गेल्या पावसाळ्यात पोटभर ऐकून घेतलंय.

आमचा गणपतीचा कारखाना आहे. साचे, भरणी, गिऱ्हाइकं हे सगळं दीर बघतात. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून मी डोळे काढते, बावीस वर्षं झाली. मी आखत असताना कारखान्यात कुणी बोलत नाही. माझा फोनसुद्धा दिरांच्या खिशात असतो. माझे यजमान मात्र या धंद्यात नाहीत. ते रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. मुळात कमी बोलतात, आणि जेवढं बोलतात तेवढंही मी कधी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

फौजदार आमचा बोका. पिवळा, डोक्याने दांडगा, वय साडेचार. रोज सकाळी मूर्तींच्या रांगांमधून कुणाकडेही न बघता एक फेरी मारायचा, म्हणून नाव फौजदार. उंदीर त्याने जन्मात दोन मारले असतील. पण तो आहे म्हणून काथ्याच्या गठ्ठ्यात उंदीर शिरत नाहीत, आणि माझ्या मांडीवर तो बसतो म्हणून माझं डोकं थोडं ताळ्यावर राहतं. मूल मोठं होऊन पुण्याला शिकायला गेलं की घरात कुणाशी लाडाने बोलायचं राहत नाही. नवऱ्याशी आपण बोलत नाही, मांजराशी बोलतो. हसू नका, तुमच्याकडेही तेच चालतं.

गुलाबी थेंब

आषाढात आम्हाला मरायलाही फुरसत नसते. मुंबईच्या गाड्या ठरलेल्या असतात. त्या गडबडीत कारखान्याच्या जमिनीवर गुलाबी थेंब दिसायला लागले. आमची जमीन प्लास्टरने पांढरीफटक, त्यावर दोन थेंब इथे, तीन तिथे, मोठ्या मूर्तींच्या पाटाखाली.

मी मनोहरवर तोंड सोडलं. मनोहर आमचा स्प्रेगनवाला, चाळिशीचा माणूस, जिते गावाहून रोज सायकलने येतो. "गन धरता येत नाही तर स्टेशनवर भजी तळायला बस," मी म्हटलं.

"वैनी, दोन दिस झाले, मी गुलाबी घेतलाच नाय," तो म्हणाला. "पितांबरं चाललीत. पिवळा हाय गनमधी."

"मग काय बाप्पानी सांडला?"

सगळे हसले. बिचारा मनोहरही हसला, आणि फडकं घेऊन पुसायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब, पुन्हा माझ्या तोंडाचा पट्टा, पुन्हा त्याचं फडकं.

रंगातलं मला कळतं असा माझा तोरा. डाळिंबी कुठला, राणी कुठला, कमळी कुठला हे मी दहा हातांवरून सांगते. तो रंग नव्हताच. रक्त होतं. फौजदार जाईल तिथे जोर करून बसत होता आणि लघवीच्या जागी दोन थेंब गाळून उठत होता. पेण तालुक्यात कारखाने नसते तर पांढऱ्या जमिनीवरचा लाल थेंब बघून कुठल्याही बाईच्या छातीत धस्स झालं असतं. आम्हाला रंगाची इतकी सवय की रक्त दिसलं तरी आम्ही रंगाऱ्यालाच शिव्या घालतो.

त्या संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "फौजदार बरा नाय वाटत. सारखा बसतो नि उठतो. मुतत नसंल तर..."

"तुम्ही कंपनीतले व्हॉल्व्ह बघा," मी म्हटलं. "मांजराचं मी बघते."

त्यांनी भात कालवायला घेतला.

एरंडेल

दिरांनी निदान केलं. त्यांना निदान करायला मांजर बघावंही लागलं नाही. "पोट साफ नाय. म्हशीचं नि मांजराचं पोट येकच. एरंडेल पाजा."

पाजलं. तोंड मी धरलं होतं, हे लपवून ठेवणार नाही. फौजदाराने ते सगळं माझ्या पदरावर ओकलं आणि साच्यांच्या फळीमागे जाऊन बसला. मग गावच्या ग्रुपवर विचारायची अवदसा मला आठवली. एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं. एकाने लिहिलं, "ताई, आमच्याकडे लॅब्राडोर आहे, मांजराचंही तसंच असेल, काळजी घ्या." एकीने नजर काढायला सांगितली, मीठमिरच्या किती घ्यायच्या तेसुद्धा सांगितलं. अठ्ठावीस जणांनी मत दिलं. त्यातल्या एकालाही 'मला माहीत नाही' हे तीन शब्द लिहिता आले नाहीत.

फौजदार फळीमागून ओरडत होता. मांजराचं रडणं मी खूप ऐकलंय, हे तसलं नव्हतं. खोल, लांब, माणसाने दात आवळून कण्हावं तसं.

जुबेदाखाला

दुसऱ्या दिवशी सकाळी जुबेदाखाला आल्या. त्या पेणला राहतात, मूर्तींना फेटे नि धोतरं शिवून देतात. मुलगा कुवेतला, घरी तीन मांजरं. गाठोडं खाली ठेवलं आणि त्यांनी कान टवकारले.

"हा कधीपास्नं बोंबलतो?"

"पोट साफ नाही त्याचं."

खाला सरळ फळीमागे वाकल्या, त्याला ओढून बाहेर घेतलं, पोटाखाली हात घातला. एवढ्या दिवसांत हे कुणी केलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"पोट नाय गो हे. मुताची पिशवी हाय. दगड झालीय बघ." माझा हात धरून त्यांनी तिथे लावला. मोसंबीएवढं घट्ट काहीतरी हाताला लागलं. "माझा काला असाच गेला. तेल पाजत बसले नि येका दिसात गेला. रोह्याला डॉक्टरीण हाय, मांजरांचं करते. आत्ता नीघ. चाय पिऊन नाय, आत्ता."

ते थेंब, ते फडकं, यांचं अर्धं तुटलेलं वाक्य, सगळं एकदम डोक्यात आलं. मी टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाट घातलं, फौजदाराला आत ठेवलं, वर दुसरा क्रेट उलटा बांधला.

दीर दारात आडवे. "वैनी, बारा मूर्त्या डोळ्यांवाचून उभ्या हायत. परवा गाडी हाय. नि तू चाललीस मांजराला मुतवायला?"

"तुमच्या एरंडेलाने मुतला असता तर नसते गेले," मी म्हटलं आणि निघाले.

पेणहून रोह्याच्या मेमू रेल्वेला अजून दीड तास होता, म्हणून एसटी धरली. तिथेही शहाणे होतेच. बाजूचा एक टोपीवाला म्हणाला, "मांजर आडवं गेलं तर काम होत नाय म्हणतात. तुम्ही तर संगतीच घेतलंय."

"तुमचं कुठलं काम अडलंय एवढं?" मी विचारलं. तो नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. फौजदार ओरडायचा थांबला होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"थेंब दिसले होते का?"

डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल. तिने पोटाला हात लावला मात्र, आतल्या माणसाला हाक मारून सलाईन लावायला सांगितलं. मग मला विचारलं, "कधीपासून?"

"कालपासून," मी म्हटलं. मग म्हटलं, "परवापासून."

"थेंब दिसले होते का कुठे? गुलाबीसर?"

माझ्या तोंडाला तोंड द्यायची गावात कुणाची छाती नाही. तिथे मी क्रेटची दोरी गुंडाळत बसले. "दिसले होते," मी म्हटलं. "मला वाटलं रंग सांडलाय."

ती हसली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने साध्या भाषेत सांगितलं. बोक्याची लघवीची नळी पुढे सुईसारखी बारीक होते. बारीक रेती आणि शेंबडासारखा चिकटा तिथे अडकला की वाट बंद. मग जे बाहेर जायचं ते रक्तात चढतं आणि शेवटी हृदय थांबतं. याचं तिथवर येत चाललं होतं. "भूल देऊन नळी घालते. भुलीतच जाऊ शकतो. इथे सही करा."

कागदावर पेशंटचं नाव लिहायचं होतं. तिथल्या माणसाने 'फौजदार' लिहिलं आणि पुढे न विचारता आमचं आडनाव लावलं. त्या आडनावाकडे बघून मला रडू आलं. घरात मांजराला कुणी आपलं म्हणत नव्हतं, याने दोन मिनिटांत म्हटलं.

यांच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, म्हणून मी गेटवर निरोप ठेवला होता. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर हे आले, अंगाला कंपनीचा तो उग्र वास, हातात डबा. नळी बसली होती, फौजदार भुलीत पडून होता, नळीला जोडलेल्या पिशवीत तांबडं पाणी उतरत होतं. हे बाकावर माझ्या शेजारी बसले. मी वाट बघत होते की आता म्हणतील, 'मी बोललो होतो.' त्यांच्या जागी मी असते तर महिनाभर तेच वाजवलं असतं. ते म्हणाले, "तू खाल्लंस काय?" आणि डब्यातली उरलेली चपाती पुढे केली.

पिशवीचा रंग

फौजदाराला तिथेच ठेवून घेतलं. मला परत यावं लागलं, कारण मुंबईची गाडी मांजरासाठी थांबत नाही. हे रोज शिफ्ट सुटली की दवाखान्यात जात. मांजराशी यांचं काही देणंघेणं नाही असा माझा बावीस वर्षांचा सिद्धांत होता. डॉक्टरीण मला फोनवर म्हणाली, "तुमचे मिस्टर पिंजऱ्यात हात घालून तासभर बसतात. हात काढला की तो ओरडतो." मला खरंच वाटेना.

संध्याकाळी मी यांना विचारायचे, "पिशवीतला रंग कसा?"

"चायसारखा."

"कुठल्या चहासारखा? कोऱ्या की दुधाच्या? अहो, नीट सांगा की!"

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पितांबराला पयला हात मारता ना, तसा." हा माणूस कारखान्यात येतो तेव्हा बघत असतो तर.

मनोहरची मी माफी मागितली नाही, तसलं आम्हाला जमत नाही. त्याचा चहा मी स्वतः नेऊन द्यायला लागले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वैनी, बस झालं. तुमी साखर लय टाकता." आमचं तेवढ्यावर मिटलं.

बाकी लोकांचं काही मिटलं नाही. बघायला येणारे येतच होते. मांजर बघायला नव्हे, वेडी झालेली बाई बघायला. एक बाई म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना पण एवढं नव्हतं केलं आम्ही." मी म्हटलं, "ते गावाला माहीत आहे." त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, तेवढी एक शांतता या आजारपणाने दिली.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. चौथ्या दिवशी पुन्हा बंद.

डॉक्टरणीने पुन्हा नळी घातली आणि या वेळी स्पष्ट सांगितलं. दोन दिवसांनी नळी काढल्यावर दिवसभरात त्याने आपणहून लघवी केली तर ठीक. नाही केली तर ऑपरेशन करून वाट मोठी करायची, पण त्यासाठी लांब न्यावं लागेल आणि या तब्येतीत तो ते सोसेल असं तिला वाटत नव्हतं. आणि तेही नसेल तर इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायचं.

"शांत करा म्हणावं," दीर म्हणाले. "पुण्य लागंल. मांजरं काय, पायलीला पन्नास."

मी त्यांना उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच दिलं नाही. मोठ्या मूर्तीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि पदर तोंडात कोंबून रडले. भीती काय असते ते मी तोवर दुसऱ्यांनाच शिकवत होते. माझ्या तोऱ्यापायी तो मरणार होता. मनोहरने सांगितलं ते मी ऐकलं नाही, यांनी सांगितलं ते ऐकलं नाही. अडाणी मी कुणाला म्हणत होते?

एवढंच लक्षात ठेवा

बोका सारखा बसतोय, जोर करतोय, थेंबच गाळतोय, तिथेच चाटतोय, ओरडतोय, तर पोट साफ नाही असं सांगणाऱ्याला आधी घराबाहेर काढा. तेल नाही, चूर्ण नाही, उद्या बघू नाही. त्याच तासाला डॉक्टर गाठा. मादीला असं क्वचित होतं, बोक्याला होतं. मी त्याला वर्षभर खारवलेली सुकट घालत होते आणि तो पाणी जेमतेम प्यायचा. डॉक्टरीण म्हणाली, एकट्या सुकटीला दोष देऊ नका, पण बंद करा, ओलं खाणं द्या, पाण्याच्या वाट्या वाढवा. आणि सीझनमधला दणदणाट त्यालाही सोसवत नसेल, याचा विचार करा. आम्हालाच सोसवत नाही, पण आमचा विचार कोण करतो!

तो दिवस

नळी सकाळी काढायची होती. यांनी रजा टाकली. मुलीच्या बारावीच्या निकालालाही या माणसाने रजा टाकली नव्हती. मी जाते म्हटलं, तर म्हणाले, "तुझे डोळे राहिलेत. मी बसतो." आणि पहिल्या मेमूने गेले.

पुढच्या गाडीच्या सात मूर्ती राहिल्या होत्या. दुपारपर्यंत तीन झाल्या. दिरांच्या खिशातला माझा फोन वाजला नाही. जेवणाला मी उठले नाही. चौथ्या मूर्तीला बसले. फौजदाराला संध्याकाळपर्यंत मुदत होती, आणि साडेतीन वाजून गेले होते.

चार वाजायच्या सुमारास दीर स्वतः आत आले, माझी आखणी चालू असताना. असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. फोन त्यांनी दोन बोटांत धरला होता. "दादाचा हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. मनोहरने गन बंद केली.

बसल्या बसल्याच फोन कानाला लावला.

"ऐक," हे म्हणाले.

काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. मग खर्र, खर्र, खर्र असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"ट्रेमधली रेती ओढतोय," हे म्हणाले. "झाली गो. मोठी झाली. थेंब नाय, धार."

दीर समोर उभे राहून हातांनी विचारत होते, काय, काय झालं? मी त्यांना हातानेच थांबवलं.

"सकाळपासून तीनदा बसला," हे सांगायला लागले. "पयल्यांदा काय नाय. दुसऱ्यांदा येक थेंब. मला वाटलं, संपलं. डॉक्टरीण पण येऊन बघून गेली, बोलली नाय काय. मग मी ट्रे उचलून खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवला. तिथं उजेड नको असंल म्हणून माझा शर्ट लावला खिडकीला. नि मी पाठ फिरवून बसलो. बघत बसलं की त्याला होत नसंल, आपल्याला तरी होतं काय..."

एका दमात एवढी वाक्यं हा माणूस बोलतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, शर्ट काढून बसलात तर लोकांनी काय समजावं. ते मी गिळलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. मग त्यांनी सकाळी मेमूतून उतरले तिथपासून परत सगळं सांगायला घेतलं, आणि मी ते पुरतं ऐकून घेतलं.